जुन्या अभ्यासक्रमाचं कोण उरलंय?

“जुन्या अभ्यासक्रमाचं आता कोण उरलंय?” शिंत्रे सरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पान उलटलं.

“कोणी नाही,” प्राध्यापक नलवडे म्हणाले. “हुशार होते ते पास होऊन गेले, बाकीचे कंटाळून गेले.”

टेबलाभोवती हसू फुटलं. मी हसले नाही. समोरच्या बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे मी उगाच एका बाजूला काढत होते. एक जण उरलंय हे मला पक्कं माहीत होतं. ती कोण, कुठे राहते, आमटीत गूळ किती घालते, इथपर्यंत माहीत होतं. फक्त तिचं नाव कुठे घेणार नाही असं मी तिला वचन देऊन बसले होते. आणि ज्यांच्यासमोर ते मुळीच घ्यायचं नव्हतं, ते नलवडे माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते.

ही आमच्या विद्यापीठातल्या गणिताच्या अभ्यास मंडळाची बैठक. बी.एस्सी.ची वार्षिक परीक्षा जाऊन सत्र पद्धत यायची होती, त्यामुळे सगळा संसार नव्यानं मांडणं चाललं होतं. कुठला विषय ठेवायचा, कुठला काढायचा, पदवीसाठी सक्तीचं काय आणि ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडायचं काय. मी एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवत होते. मंडळावर कोणीतरी बाई हवी आणि ती शहराबाहेरची असेल तर आणखी बरं, एवढ्याच हिशेबानं माझी नेमणूक झाली होती. हे मला खुद्द शिंत्रे सरांनी सांगितलं होतं, आणि वर “बोलायची घाई करू नका” असा सल्लाही दिला होता. डॉ. शिंत्रे मंडळाचे अध्यक्ष होते आणि माझ्या पीएच.डी.चे मार्गदर्शकही. माझा प्रबंध त्यांच्या कपाटात शेवटच्या वाचनासाठी पडून होता. तेव्हा माझी जीभ त्या दिवशी का जड झाली होती, ते वेगळं सांगायला नको.

“चला, आटपू या,” सर म्हणाले. “उद्या सकाळी विद्या परिषद आहे. तिथे हा मसुदा गेला नाही तर अख्खं वर्ष हातचं जाईल. आज निम्मी मंडळी आलेली नाहीत. कोणाचं लग्न, कोणाची परीक्षेची ड्यूटी. नशीब, कोरमपुरते तरी आहोत.”

पुढचा विषय होता गोलीय खगोलशास्त्र. आकाश म्हणजे एक मोठा पोकळ चेंडू धरायचा, त्याच्यावर त्रिकोण काढायचे, आणि अमुक गावी तमुक दिवशी सूर्य किती वाजता उगवेल ते लॉगच्या तक्त्यांनी काढून दाखवायचं, असा तो तिसऱ्या वर्षाचा सक्तीचा पेपर. पिढ्यान् पिढ्या पोरं त्यात गचकत आली होती. सगळ्या विद्यापीठात तो मनापासून शिकवणारा माणूस एकच, आठल्ये सर. तेही टेबलाच्या टोकाला पांढरा बुशशर्ट घालून ताठ बसले होते. पेपर तेच काढायचे, तपासायचेही तेच. निवृत्तीला आले होते.

विषय जावा असं खरं तर मलाही वाटत होतं. तो शिकवताना मला स्वतःला घाम फुटायचा. पण सक्तीचा विषय काढला, की तो ज्यांचा राहिलाय त्यांनी त्याऐवजी काय द्यायचं ते लिहावं लागतं. समकक्ष विषय म्हणतात त्याला. एका ओळीचं काम असतं. काढून टाकलेल्या बाकी सगळ्या विषयांपुढे मसुद्यात ती ओळ होती. याच्यापुढे नव्हती. उरलंय कोण, असं म्हणून सरांनी ती घातलीच नव्हती.

ओळ नाही म्हणजे पेपर निघणार नाही आणि बदली पेपरही मिळणार नाही. ज्याचा तो राहिला असेल त्याची पदवी कायमची लटकली. हवी असेल तर पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची.

माझ्या थोरल्या नणंदेचा तो एकच पेपर राहिला होता.

प्रमिलावन्संचं सासर म्हणजे आमच्याच तालुक्याचं गाव. तिथल्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. ‘थोरवे बाई’ म्हटलं की रिक्षावाला घरापर्यंत आणून सोडायचा, इतकं त्यांचं नाव. अर्ध्या गावाची पोरं त्यांच्या हाताखालून दहावी झाली होती. त्या बी.एस्सी. आहेत हे गावानं धरून चाललेलं होतं. शाळा विनाअनुदानित, पगार नावालाच. तिथे घेताना जुन्या मुख्याध्यापकांनी ‘निकाल लागला की आणून द्या’ एवढंच म्हटलं होतं. पुढे ते वारले आणि कोणी काही विचारलं नाही. वन्संनी तिसऱ्या वर्षाची परीक्षा दिली ती पोटुशी असताना. शेवटच्या पेपरला त्यांना उठवेना. बाकी सगळे विषय सुटले, हा राहिला. मग मूल, मग यजमानांचं आजारपण, मग त्यांचं जाणं.

हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मला कळलं ते निव्वळ योगायोगानं. एकदा मला शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून पाठवलं होतं. उत्तरपत्रिकांवर सह्या करत मी रांगेतून चालले होते. खिडकीजवळच्या बाकावर पोराटोरांच्या मध्ये एक बाई पदर खांद्यावरून घट्ट घेऊन बसली होती. त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आदल्या दिवशीच त्या ‘मामेसासऱ्यांकडे बारसं आहे’ म्हणून बाहेर पडल्या होत्या. मी त्यांच्या पेपरवर सही केली नाही. दुसऱ्या पर्यवेक्षकाला पाठवलं आणि पुरते तीन तास त्या खिडकीकडे बघितलं नाही.

पेपर सुटल्यावर त्या मला नळापाशी गाठून म्हणाल्या, “शैला, तू मला बघितलं नाहीस.”

“वन्सं, अहो, सांगायचं तरी. मी शिकवलं असतं.”

“तू मला शिकवणार? मी तुझ्या नवऱ्याला पाढे शिकवलेत.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “माझं नाव कुठं घ्यायचं नाही. विलासला पण नाही. घेतलंस तर मी मेले असं समज.”

“दरवर्षी बसता?”

“दरवर्षी. दरवर्षी थोडक्यात जातो. कोण मेला तपासतो कुणास ठाऊक, एक गुण सोडत नाही.”

तो मेला आता माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसला होता.

आणि आता गोष्ट नुसत्या लाजेची राहिली नव्हती. शाळेला अनुदान मिळायचं घाटत होतं. मिळालं की पूर्ण पगार, पेन्शन, सगळं. पण त्याआधी प्रत्येक शिक्षकाचे कागद शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणार होते. मार्चपर्यंत पदवी दाखवली नाही तर बाई घरी. ऑक्टोबरची परीक्षा ही त्यांची शेवटची संधी होती. आणि ही बैठक होती ऑगस्टात.

नलवड्यांचे थोरले भाऊ त्याच शाळेच्या संस्थेचे सचिव. माझी पंचाईत नेमकी इथे होती. बोलले नाही तर परीक्षा जाते. नाव घेतलं तर ते संध्याकाळपर्यंत सचिवांच्या ओसरीवर पोचतं आणि मार्चच्या आधीच नोकरी जाते.

मी घसा साफ केला. “सर, या विषयापुढे समकक्ष विषयाची ओळ राहिली आहे.”

“राहिली नाही. घातलेली नाही.”

“इतर विषयांपुढे आहे, तशी इथेही असू द्यावी. नियमाला धरून होईल.”

शिंत्रे सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. बोलायची घाई करू नका, हे त्यांना पुन्हा सांगावं लागलं नाही.

“कशाला मॅडम?” नलवडे गोड आवाजात म्हणाले. “ती ओळ घातली की विद्यापीठाला आणखी दोन वर्षं पेपर काढत बसावा लागणार. परीक्षक नेमा, छपाई करा. आणि लिहायला कोण? हवा.”

“एखादा असेलही.”

“असेल तर दाखवा ना. एक नाव सांगा.”

“हां, हे बरोबर,” शिंत्रे सर म्हणाले. “मोघम नको. एक विद्यार्थी दाखवा, मी ओळ घालतो.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेंगदाणे संपले होते. नाव अगदी ओठांवर आलं आणि मी ते चहाबरोबर गिळलं. मला स्वतःचाच राग आला, वन्संचाही आला. कसली ही लाज, जिच्यापायी माणूस आपलंच नुकसान पदरात घेऊन बसतं!

“नाही ना?” नलवडे खुर्चीत मागे रेलले. “झालं तर मग.”

“एक आहे,” आठल्ये सर म्हणाले.

बैठक सुरू झाल्यापासून ते पहिल्यांदाच बोलत होते. त्यांचा विषय निघाला तेव्हाही त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं.

“कोण आहे?” शिंत्रे सरांनी विचारलं.

“कोण ते मला कसं कळणार? उत्तरपत्रिकेवर क्रमांक असतो. पण दर वर्षी एक पेपर येतो. अक्षर एकच, शाई एकच. संपूर्ण पेपर सोडवलेला असतो, आकृत्यांसकट. ते अक्षर मी ओळखतो.”

“आणि पास करत नाही?”

“पासाचे गुण पडले असते तर केलं असतं.”

“आठल्ये,” शिंत्रे सर सावकाश म्हणाले, “परीक्षकानं अक्षर ओळखतो म्हणणं बरोबर नाही, हे तुम्हांला मी सांगायला हवं का?”

“नको. म्हणूनच या वर्षीपासून मी तपासणार नाही. तसं पत्र देतो. पण आहे त्याला नाही कसं म्हणू?”

नलवड्यांनी हलकेच च् केलं. “सरांचं दुःख आपण समजू शकतो. आयुष्यभराचा विषय चाललाय. मग एखादं अक्षर सापडतंच.”

आठल्ये सरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच हातात धरून ठेवला. त्या माणसानं उभ्या जन्मात कोणाला फुकट गुण दिला नव्हता, आणि आज भर सभेत तो खोटा पडत होता. खोटा पडत होता माझ्यामुळे, कारण तो खरं बोलतोय हे सांगू शकेल अशी त्या खोलीत मी एकटीच होते. मला ते बघवेना.

“आठल्ये सर बरोबर सांगताहेत,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच चिरका वाटला. “असा एक विद्यार्थी आहे. मला माहीत आहे. माझ्या नात्यातला आहे. नाव मी सांगणार नाही.”

शिंत्रे सरांनी पेन खाली ठेवलं. “नात्यातला?”

“हो.”

“मग मॅडम, तुम्ही या विषयावर बोलूच शकत नाही. नात्यातलं माणूस गुंतलं असेल तर सभासदानं तेवढ्यापुरतं बाहेर जायचं, हा नियम आहे. तुम्ही आधी सांगायला हवं होतं.”

“मी हेच म्हणत होतो,” नलवडे एकदम सरसावून बसले. “नियम, विद्यार्थी, सगळं दाखवायला. यांना घरच्या माणसाची शाळेतली नोकरी वाचवायची आहे, म्हणून विद्यापीठानं दोन वर्षं...”

ते थांबले. पण उशीर झाला होता.

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग हळूहळू कळलं.

“नलवडे सर,” मी विचारलं, “मी शाळेचं नाव कुठे घेतलं?”

“म्हणजे... आपलं अंदाजानं.”

“नोकरीचं तरी कुठे बोलले मी? नात्यातला विद्यार्थी म्हटलं. कॉलेजात जाणारा माझा भाचाही असेल.”

“अहो, बोलण्याच्या ओघात...”

“नलवडे,” शिंत्रे सर म्हणाले, “तुम्ही कोणाबद्दल बोलताय?”

नलवड्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो रिकामा आहे हे बघून खाली ठेवला. “आमच्या भावाच्या शाळेत एक थोरवे बाई आहेत. यांच्या नणंद. त्यांचा हा पेपर राहिलाय असं... ऐकून आहे.”

“कधीपासून?”

“तसं जुनंच आहे. भाऊंना पहिल्यापासून माहीत आहे.”

“आणि मघाशी तुम्हीच म्हणालात, कोणी उरलेलं नाही.”

नलवड्यांनी रिकामा ग्लास पुन्हा उचलला. मला मात्र आता एकेक दिसायला लागलं. नलवड्यांची सून बी.एस्सी. बी.एड. होती. दिवाळीपासून ती त्या शाळेत ‘अनुभवासाठी’ म्हणून वन्संच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसायची. बिनपगारी. वन्सं कौतुकानं सांगायच्या, पोर गुणाची आहे, माझी शिकवायची पद्धत लिहून घेते. अनुदान आलं, बाईंचे कागद अपुरे निघाले, की खुर्ची रिकामी. मग सूनबाई पुढे सरकून बसायला मोकळ्या. तुटपुंज्या पगारात इतकी वर्षं राबवून घ्यायला बिनपदवीची बाई चालली होती. पूर्ण पगाराची वेळ आली तशी ती नको झाली.

हे सगळं मी तिथेच बोलून टाकलं. सुनेचं नाव घेऊन बोलले. इतकं नीट जुळवून बोलले नसेन, रागात माझं बोलणं पुढेमागे होतं, पण सगळ्यांना कळलं.

“हा वैयक्तिक आरोप आहे!” नलवडे उभे राहिले.

“सूनबाई शाळेत येतात की नाही?” शिंत्रे सरांनी विचारलं.

“येते. अनुभवासाठी.”

“म्हणजे तुमच्याही घरचं माणूस यात गुंतलंय.” शिंत्रे सर चिडले की हळू बोलायचे. आता तर ते जेमतेम ऐकू येत होते. “मग नियम सर्वांना सारखा. नाईकनवरे मॅडम, नलवडे, दोघांनीही बाहेर जावं. आम्ही ठरवतो.”

मी पर्स उचलली. मला रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू द्यायचं नव्हतं. दारापाशी पोचले तेवढ्यात मागून आठल्ये सरांचा आवाज आला.

“अध्यक्षमहाराज, विषय माझा चाललाय. त्यात मीही गुंतलेला आहे, असं आत्ताच नलवडे म्हणाले. तेव्हा मलाही उठायला हवं.”

ते खरोखरच उठले. खुर्ची नीट आत सरकवून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

शिंत्रे सरांनी टेबलाकडे बघितलं. तिथे ते स्वतः आणि बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ, एवढेच उरले होते. त्यातले एक केव्हाचे पेंगत होते.

“कोरम गेला की हो,” दुसरे तज्ज्ञ म्हणाले.

कोरम गेला म्हणजे बैठक रद्द. बैठक रद्द म्हणजे उद्या विद्या परिषदेपुढे मसुदा नाही. खगोलशास्त्रच काय, अख्ख्या बी.एस्सी.चं गणित वर्षभर जागचं हलणार नव्हतं, आणि वर्तमानपत्रात अध्यक्षांचं नाव येणार होतं ते वेगळंच. शिंत्रे सरांनी डोळे मिटून घेतले. माझा प्रबंध मला त्या क्षणी फार लांब गेलेला दिसला.

“बसा सगळे,” ते म्हणाले.

“पण नियम...” मी म्हणाले. खरं तर गप्प बसायला हवं होतं.

“बसा म्हटलं ना! यावर चर्चाच होणार नाही, मग बाहेर कशाला जायचं? मसुदा माझा आहे. त्यात टंकनाची एक चूक राहून गेली आहे, ती मी दुरुस्त करतोय. आठल्ये, तुमचं पेन द्या. माझं नेमकं आत्ताच बंद पडलंय.”

आठल्ये सरांनी पेन दिलं. शिंत्रे सर लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते: जुन्या अभ्यासक्रमाच्या उर्वरित परीक्षार्थींसाठी सदर विषयाची परीक्षा आणखी दोन वेळा घेण्यात येईल, त्यानंतर सांख्यिकी हा समकक्ष विषय मानण्यात येईल. पूर्णविराम त्यांनी इतक्या जोरात दिला की कागदाला भोक पडलं.

“पुढचा विषय,” ते म्हणाले.

बैठक संपल्यावर आठल्ये सर मला जिन्यात भेटले. मी त्यांचे आभार मानायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

“आता मी परीक्षक नाही, म्हणून एक सांगतो. त्या बाईंना म्हणावं, उत्तर येतंय असं दिसलं की त्या थांबतात. शेवटची आकडेमोड करतच नाहीत. दर वर्षी तसंच. रीत सगळी बरोबर, आणि सूर्य काही उगवत नाही. त्याचे गुण मी कसे देणार?”

“घाबरत असतील.”

“असतील. पण उगवायला तर हवा.”

मी तशीच एस.टी. पकडून वन्संकडे गेले. त्या अंगणात वाळत घातलेले पापड काढत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी परात खाली ठेवली.

“माझं नाव घेतलंस?”

“नाही. नलवड्यांनी घेतलं.”

“त्यांना काय माहीत?”

“सगळं. पहिल्यापासून. सचिवांनाही.”

वन्सं पायरीवर बसल्या. मला वाटलं होतं रडतील, माझ्यावर चिडतील, निदान शाबासकी तरी देतील. त्यांनी यातलं काही केलं नाही.

“मग मी लपत होते ती कुणापासून गं?” त्या म्हणाल्या.

दर वर्षी खोटं बोलून घर सोडायचं, परक्या गावी धर्मशाळेत उतरायचं, पोरांमध्ये पदर आवळून बसायचं, आणि परत आल्यावर न झालेल्या बारशाचं वर्णन करायचं. ज्यांच्यापासून हे सगळं लपवलं ते मजेत बघत होते.

“आठल्ये सर म्हणाले, तुम्ही शेवटची आकडेमोड सोडता,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

“सोडते. चुकलं तर काय, असं वाटतं. अर्धं बरोबर तरी राहू दे म्हणते.” मग त्या उठल्या आणि उरलेले पापड भराभर काढायला लागल्या. “चहा टाक. आणि विलासला फोन करून सांग, तुझी बहीण नापास आहे म्हणावं.”

त्या वर्षी परीक्षेचा अर्ज भरताना त्यांनी केंद्र म्हणून आमच्याच गावचं कॉलेज लिहिलं.

निकाल आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. त्या पास झाल्या. काठावर नाही, चांगल्या. पदवी मार्चच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचली. शिंत्रे सरांनी माझा प्रबंध दीड वर्ष रखडवला, आणि तोही शेवटी सुटला. पण हे सगळं आठवायला लागलं की मला दिसतो तो परीक्षेचा आदला दिवस.

मी रजा काढून गेले होते. वन्संना घरी घेऊन यायला शाळेत गेले, तर दहावीचा वर्ग अजून चालू होता. मी दाराबाहेर थांबले. फळ्यावर वर्तुळाची प्रमेयं होती. मागच्या बाकावर नलवड्यांची सून वही उघडून बसली होती. घंटा झाली. मुलं उठायला लागली, तर वन्संनी हातानं बसवलं.

“उद्या मी येणार नाही,” त्या म्हणाल्या. “उद्या माझा पेपर आहे.”

“तपासायचा, बाई?” एका मुलीनं विचारलं.

“लिहायचा. मी बी.एस्सी. नाही. शेवटच्या वर्षाला एका विषयात नापास झालेली आहे. तेव्हापासून दर वर्षी बसते आणि दर वर्षी नापास होते.”

पहिल्या बाकावरचा एक मुलगा दप्तराचा बंद हातात धरून तसाच राहिला. आपल्या बाई नापास होतात हे त्या पोरांच्या डोक्यात शिरत नव्हतं. वन्सं मात्र खडूची बोटं पदराला पुसत सरळ उभ्या होत्या. पदर खांद्यावर सैल होता.

“नापास झालात तर, बाई?” तीच मुलगी पुन्हा म्हणाली.

“तर आणखी एकदा बसता येतं. तशी ओळ आहे.”

मग त्यांनी मागच्या बाकाकडे बघितलं. सून खाली मान घालून वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत होती. वन्संच्या आवाजात राग नव्हता, कुत्सितपणाही नव्हता. कामाचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

“सूनबाई, उद्याचा तास तुम्ही घ्या. हे प्रमेय अर्धं राहिलंय, तेवढं पुरं करा. परवापासून मी आहे.”